माइकातला लाल ठिपका

बसा ताई, त्या खुर्चीवर नका, तिचा पाय हलतो, स्टुलावर बसा. आन् टेबलाला धक्का नका लावू, त्या उघड्या माइकात लाल नखपालिश लावलंय, ते ओलं हाय आजून. ते वाळेस्तोवर मी सांगते, तुमी घ्या लिहून सगळं. आज लय चांगल्या दिवशी आलात बघा, सकाळपासून माझा पाय जमिनीवर न्हाई. तर मी सुमन, जन्म सेलूचा, दुकानबी सेलूचं. आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, त्यांचं हे लाऊडस्पीकरचं दुकान, लग्न असो, जत्रा असो, सप्ता असो, आमचेच भोंगे, आन् सोबतीला रहीमचाचा, भागीदार म्हणायचे पण भावाहून जवळचे. आता भोंगे गेले, डीजे आले, मी निस्ते जुने माइक दुरुस्त करते. आमचे मालक एसटीतून रिटायर झालेत, ते म्हणतात, ही नवऱ्याचं ऐकत न्हाई आन् मुक्या डबड्याला कान लावून बसती. म्हणू द्या, चहा तेच आणून देतात.

जुना माइक वळखायचा कसा म्हणता? पयलं तळहातावर घ्यायचा आन् डोळे मिटायचे. आत लोहचुंबक असतंय, म्हणून असली माइक तोंडाकडं जड लागतो. नकली हलकाफुलका, नावाची पट्टी तेवढी झकपक. मग जाळी फिरवायची, जुन्याचे आटे लोण्यासारखे फिरतात. जाळी निघाली की वास घ्यायचा. हसू नका वं! कव्वालाच्या माइकला अत्तराचा वास येतो, भजनवाल्याच्या माइकात बुक्का सापडतो आन् पुढाऱ्याच्या माइकात तंबाखू. ह्या नाकानं मी तालुक्यातला कोणता माइक कुणाचा ते सांगते. आन् शेवटी मीटरच्या दोन तारा लावायच्या, जिता असला तर माइक आतून बारीक टिक करतो. टिक झालं की मी म्हणते, हाय, जीव हाय.

लोकं त्याच्यात फू फू करतात, वरून टपल्या मारतात, अर्धे माइक तर तसेच मेलेत. आन् साफ करायला लोखंडी चिमटा न्यायचाच न्हाई, चुंबक खसकन ओढून घेतं आन् आतला पडदा फाटतो, पडदा म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यावानी असतो. बाभळीचा काटा घ्यायचा. अप्पांच्या खणात बामच्या डबीत काटे भरून ठेवलेले होते, मी दुकान हाती घेतलं तवा तेच वापरायला लागले, मला वाटलं ही अप्पांची पयल्यापासूनची रीत.

पण काय सांगू तुमाला, एक काम मी जल्मात केलं न्हाई. पडद्याच्या मागं तारेचं वेटोळं असतंय, केसाहून बारीक तार. ती तुटली की मी सरळ हात जोडायची, न्हाई जमत म्हणायची. त्याला कारण हाय. मी सहावीत असंन, अप्पांनी पालमकडच्या भजनी मंडळाचा माइक घरी आणला, दुपारी ते जेवून लवंडले आन् मी त्याला हात घातला. टाचणीनं कचरा काढायला गेले, चुंबकानं टाचणी ओढली, तार तुटली. मग कुंपणाच्या बाभळीचा काटा मोडून आणला, काट्यानं तार उचलली, अप्पांचं सोल्डर तापवून टाका दिला, आन् तो हलू नये म्हणून आत्याच्या लग्नातलं नखपालिश, लाल, एक थेंब त्याच्यावर सोडलं. अप्पा उठले. बघितलं. मारलं न्हाई, माइक उचलून निघून गेले. सांजच्याला आले आन् म्हणले, तुझ्यापायी आतला सगळा ऐवज, पडदा-तार-चुंबक, बदलावा लागला, परत हात लावलास तर याद राख. संपलं. त्या दिवशीपासून मला ठाऊक झालं की आपला हात नासका हाय.

लग्न होऊन सोनपेठला गेले, मग मालकांची बदली सेलूला झाली, तवर अप्पांचे डोळे गेले होते, म्हणून दुकानात मी बसायला लागले. जाळी, वायर, बटन, सगळं केलं, तार सोडून. शेवटच्या साली अप्पांच्या स्वतःच्या माइकची तार तुटली. हाच तो, हा टेबलावरचा. त्यांनी चाचपडत माझ्या हातात दिला, बघ म्हणले. मी म्हणलं अप्पा, मला जमत न्हाई, तुमाला ठाऊकच हाय. त्यांनी तोंड उघडलं, काहीतरी बोलणार होते, मग मिटलं. असू दे म्हणले. त्या दिवाळीच्या आत गेले. माइक मी पेटीत ठेवला, फडक्यात गुंडाळून.

आन् परवा काय झालं, पालमकडून एक म्हातारेबुवा आले, पिशवीत माइक. म्हणले बाई, सप्ता तोंडावर आला, हा बंद पडला, नवे माइक नुसते कोकलतात, ह्याच्यावरच आमचा आवाज गोड लागतो, बघा जमलं तर. हातात घेतला, जड. वास घेतला, बुक्का. उघडला, आतल्या ऐवजाला मीटर लावलं, टिक! माइक ठणठणीत, बिघाड बटनात होता. आन् मग मला ते दिसलं. लाल ठिपका. काळपट पडलेला, पण तोच. खाली माझा टाका, वेडावाकडा, लेकराच्या हातचा. ताई, चाळीस वर्साच्या वर झाली हो! मी बुवांना इचारलं, हा कधी उघडला होता का, ते म्हणले तुमच्या अप्पांनी दुरुस्त करून दिला त्याच्यानंतर आजच.

मी तशीच चपला न घालता रहीमचाचाकडं पळाले, मागं बुवा वरडायलेत, बाई, माझा माइक! चाचा आता खाटेवरच असतात. मी सगळं सांगितलं तर हसले. म्हणले, अरे बेटी, मेरेकू मालूम है, तेरा बाप उसी दिन आके बोला, छोकरी का टाका मेरे से अच्छा बैठा. आन् म्हणले, कांटा भी तेराच है, उसके पैले तो वो चिमटेसेच काम करता था. मी म्हणलं मग मला का न्हाई सांगितलं? चाचा म्हणले, बोलता तो तू शाळा छोडके दुकान पे बैठ जाती, और छोकरी को दुकान पे बिठाया करके लोगां उसको जीने नहीं देते. बाद में बोलने की हिम्मत नहीं हुई उसकी.

राग आला मला, खोटं कशाला बोलू. असा राग आला की घरी येऊन अप्पांच्या फोटोला म्हणलं, एका शब्दानं काय झिजलं असतं तुमचं? मालक दारातून बघायलेत, बाई फोटोसंगं भांडती म्हणून. मग ती बामची डबी उघडली. माझे काटे. इतकी वर्सं मी माझीच अक्कल अप्पांची म्हणून वापरायले! हसूच आवरंना मला.

बुवांचा माइक बटन बदलून दिला, ठिपक्याला हात लावला न्हाई. आन् आज सकाळी पेटीतून हा अप्पांचा माइक काढला. सूनबाईकडून नखपालिश मागून घेतलं, ती म्हणली आत्याबाई, ह्या वयात? मी म्हणलं, ह्याच वयात. काटा धरला, तुटकी तार उचलली, टाका दिला आन् वर लाल थेंब सोडला.

वाळलं वाटतं. थांबा, पंखा बंद करा, मालक, तुमीबी बोलू नका जरा. ही मीटरची एक तार, ही दुसरी.

टिक.

ऐकलंत ना ताई? लिहा, लिहा ते. आन् अप्पा, तुमी जिथं असाल तिथं सुखी ऱ्हावा, पण हे आधी सांगायला पायजे होतं.