अकरा माणसांची साक्ष

सभेचे अध्यक्ष माननीय आबासाहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, माझे वकीलबंधू, सेलूचे व्यापारी आणि शेतकरी मंडळी, मागच्या बाकावर वही उघडून बसलेले पोलीस अमीनसाहेब, आणि माझ्या भगिनींनो,

बत्तीस वर्षांची वकिली मी आज थांबवतो आहे. व्यंकटरावांच्या चुकीनं एकही पक्षकार बुडाला नाही, असं आबासाहेब आत्ता माझ्याबद्दल म्हणाले. अध्यक्षांचा शब्द खोडणं बरं नव्हे, पण तो खरा नाही. अमीनसाहेब, भिऊ नका, राजकारण बोलायचं नाही या अटीवरच सभेला परवानगी मिळाली आहे. मी फक्त माझी चूक सांगतो.

इथून तीन कोसांवरच्या एका गावात लिंबाजी आणि सटवाजी या शेजाऱ्यांचं बांधावरून भांडण झालं. लिंबाजीनं रागाच्या भरात काठी घातली. सटवाजी शुद्धीवर न येताच तिसऱ्या दिवशी गेला. पाहणारं कुणी नव्हतं. लिंबाजी गप्प राहिला असता तर कोण काय करणार होतं? पण दहावा झाल्यावर तो अनवाणी मारुतीच्या पारावर आला, सगळं कबूल केलं आणि सटवाजीच्या बायकोच्या, कडूबाईच्या पायावर त्यानं आपला पटका ठेवला.

त्या गावची रीत अशी, की विधवेनं पटका उचलून परत दिला तर माफी. मग मारणाऱ्यानं जन्मभर तिचं रान आधी पेरायचं, मग आपलं. कडूबाई खूप वेळ रडली. मग तिनं पटका उचलला आणि म्हणाली, "माजं मानूस तर गेलं. आता माजी लेकरं उपाशी मरू देऊ नको."

दोन पेरण्या त्यानं तिचं रान आधी पेरलं. मग कुणीतरी चुगली केली आणि लिंबाजीला बेड्या पडल्या.

पोलिसांकडे पुरावा नव्हता हो! मी नुसतं 'साक्षीदार आणा' म्हणून बसलो असतो तरी तो सुटला असता. पण गावची अकरा माणसं धुतलेली धोतरं नेसून माझ्या ओसरीवर आली. पुढे कडूबाई, तीच बोलली. "वकीलसाहेब, आमी समदे सांगतो, हे परकरन कवाच मिटलंय. लिंबाजी लय इमानदार हाय." मला वाटलं, हे ऐकून कुठल्या न्यायाधीशाला पाझर फुटणार नाही? मी अकराही जणांना उभं केलं.

प्रत्येकानं शपथेवर सांगितलं, की लिंबाजीनं आमच्यासमोर कबूल केलं आणि कडूबाईनं माफ केलं. अदालतीचं दप्तर लिहिणाऱ्या पेशकारानं कबुलीचं पहिलं वाक्य उर्दूत उतरवून घेतलं. माफीच्या दुसऱ्या वाक्याला कायद्यात कलम नव्हतं. जज्जसाहेब वाईट नव्हते, त्यांनी पुस्तकात होतं ते केलं. जन्मठेप.

मी त्या अकरा माणसांना निकाल समजावून सांगितला. आपण खरं बोललो म्हणून हा बुडाला, हे त्यांना पटेचना. अदालतीच्या पायरीवर कडूबाईनं मला गाठलं. "साहेब, मी फिर्याद केली न्हाई. माजा धनी गेला, आता माजं रान पेरणाराबी नेला. मग ह्यो न्याव केला कुणासाठी?"

तिसऱ्या वर्षी लिंबाजी तुरुंगातच वारला. त्याची बायको चतुराबाई अजून कडूबाईचं रान आधी पेरते आणि मग आपलं. तिला कुठल्या अदालतीनं तसा हुकूम दिलेला नाही.

मंडळी, आपण शाल दिलीत, वेळ दिलात, ऐकून घेतलंत, मी आपला ऋणी आहे. बोलण्यात आणि बत्तीस वर्षांत जे चुकलं असेल ते पोटात घाला. मात्र माफ केलंत, तर ते कुठं सांगायला जाऊ नका.