पाठकोरी वही

वहिनी : फोन ठेवू नका हं वन्सं. तुम्ही ठेवलात की मी आत गेलेच म्हणून समजा.

नणंद : अगं पण झालंय काय? आणि कुजबुजतेस कशाला? परदेशात जाऊन चोऱ्या करायला लागलीस की काय?

वहिनी : खिडकीखाली उभी आहे. आत शिवणकेंद्राच्या बायका महिन्याचा हिशेब जुळवतायत. पहिल्यांदाच, माझ्याशिवाय.

नणंद : मग जुळवू दे की. बिनपगारी राबायला गेलीस ती तेवढ्यासाठीच ना? तीन महिने दुसरं काय शिकवलंस?

वहिनी : शिकवलं हो. कॉम्प्युटर नाही, वीज आली तर आली. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या पानांची वही शिवली. डावीकडे आलं ते, उजवीकडे गेलं ते, तळाशी उरलं ते. जिला लिहिता येत नाही तिनं कपडा शिवून झाला की बरणीत एक बटण टाकायचं. संध्याकाळी बटणं मोजून वहीत चढवायची.

नणंद : झ्याक आहे की! मग घोडं अडलं कुठं?

वहिनी : रविवारी माझं विमान. सोमवारी मशिनी देणारी संस्था वही बघायला येणार. बायकांचं त्यांचं त्यांना जमतंय असं दिसलं तर मशिनी राहतील. नाहीतर उचलून नेणार. अकरा जणींच्या चुली आहेत त्या मशिनींवर.

नणंद : बाई गं! मग बाहेर काय करतेस? जा की आत.

वहिनी : तेच तर करायचं नाही! आत गेले की पेन माझ्या हातात येतं. माझा स्वभाव मला माहीत आहे.

नणंद : तुला काय माहीत! तो मला विचार. हे गेल्यापासून माझी बँकेची स्लिप तूच भरत आलीस. "द्या वन्सं इकडे, तुम्हाला नाही जमायचं." तू विमानात बसलीस आणि मला काउंटरपुढे घाम फुटला. तीन खेटे घातले.

वहिनी : तुमच्या दादाला पाठवायचं होतं ना.

नणंद : का? भरली मीच. चौथ्या खेपेला. तिथला पोरगा म्हणाला, काकू, अक्षर छान आहे. तुला मुद्दामच सांगितलं नव्हतं.

वहिनी : ...मला तेव्हा वाटायचं, तुमचं ओझं कमी करतेय.

नणंद : ते राहू दे. आत काय चाललंय ते सांग.

(पलीकडे पत्र्याचा डबा उपडा केल्याचा खळखळाट.)

वहिनी : गल्ला ओतला. कातरवाली मोजतेय, बटणांची काजं करणारी काजेवाली वही वाचतेय. थांबा... भांडतायत.

नणंद : त्यांची भाषा कळते तुला?

वहिनी : कामापुरती आली. आकडे आणि भांडण तर पक्कं कळतं. जुळत नाही म्हणतायत. देवा! मी जाते.

नणंद : पाऊल उचलशील तर बघ! ऐक, आत्ता सुचलंय :
उभी दाराच्या आडोशा, मन घिरट्या घाली आत,
चालू लागलं लेकरू, सोड बाई त्याचा हात.

वहिनी : तुम्हाला ओव्या सुचतायत आणि इथं माझा जीव टांगणीला!

नणंद : किती कमी पडतायत?

वहिनी : कमी नाहीत. जास्त भरतायत.

नणंद : मग रडायचं कशाला? आलेली लक्ष्मी ठेवून घ्यायची!

वहिनी : जास्त भरणं हीसुद्धा चूकच, वन्सं. संस्था विचारेल, हे आले कुठून?

नणंद : आले कुठून?

वहिनी : काल संध्याकाळी मी पर्समधली एक नोट हळूच डब्यात सारली. म्हटलं, कमी पडलं तर पहिल्याच वेळी खचतील बिचाऱ्या.

नणंद : लिहून ठेवलीस?

वहिनी : लिहिली असती तर खिडकीखाली कशाला उभी असते?

नणंद : धन्य आहेस! स्वभावाला औषध नाही म्हणतात ते उगाच नाही.

वहिनी : थांबा. एक जण म्हणतेय, एक झबलं जास्त विकलं असं लिहून टाकू. जुळून जाईल.

नणंद : मग?

वहिनी : काजेवालीनं बरणी पुढे ओढली. म्हणाली, बटण दाखव. ...नाहीच म्हणतेय. बटण नाही तर झबलं नाही. नोट बाजूला काढून वर कात्री ठेवली. हे पैसे आपले नाहीत म्हणाली.

नणंद : शाबास!

वहिनी : एकेकीला विचारतेय. आता... अगं बाई, दारात आलीय. मला बोलावतेय.

नणंद : मदतीला?

वहिनी : मदतीला कसली! सगळ्यांना विचारून झालं, आता माझी पाळी.

नणंद : मग जा. आणि खरं ते सांग. फोन चालूच ठेव, मी आहे इथं.

वहिनी : हो.

नणंद : ...वहिनी? ऐकू येतंय का? काय झालं गं?

वहिनी : सांगितलं. नोट मला परत दिली. वहीत लिहून खाली माझी सही घेतली.

नणंद : आणि हिशेब?

वहिनी : जुळला. तरी पुन्हा मोजतायत, खात्रीला.

नणंद : आणि तू? पेनाच्या आसपास तर नाहीस ना?

वहिनी : छे हो. मला गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसवलंय.