रेशनच्या साखरेचं गाऱ्हाणं

आमच्या भाऊकाकांसारखा माणूस पुन्हा होणार नाही, सांगून ठेवतो! ऐंशीच्या दशकातली चतुर्थी. रेशन दुकानदार महिनाभर एकच सांगत होता, "मालवणातसून साखरच येवक नाय." आरतीला त्याच्याच घरी गेलो, तर समोर पाकातल्या लाडवांची परात!

आरतीनंतर सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान काकांचा; बाकीच्यांनी एका सुरात होकार द्यायचा. त्यांनी शांतपणे हात जोडले.

"बा देवा महाराजा, आमच्या रेशनची साखर वाट चुकान ज्या घरात जावन बसली आसा, थंयसून तिका उद्या दुकानाची वाट दाखय रे महाराजा!"

जन्माची सवय! सगळ्यांत मोठ्याने दुकानदारच ओरडला, "व्हय महाराजा!"

सकाळी दुकानात साखर हजर. गावात ट्रक मात्र एकही आला नव्हता.