सातव्या फेरीतला याको

…नाही, पण मला एक सांगा, कराडच्या बाईला बर्फावरच्या हॉकीतलं काय कळतं? काही नाही! शून्य! अहो, मी आयुष्यात बर्फ पाहिलाय तो उसाच्या रसातला, तोसुद्धा 'बिनबर्फाचा द्या' म्हणून दोनदा सांगितल्यावर त्या माणसाने गपकन टाकलेला! आणि मी बसलेय कुठे, तर चेन्नईत, सिरुसेरीला, पाचव्या मजल्यावर, बाहेर अग्नि नक्षत्र, म्हणजे इथला ऐन उन्हाळा, पेटलंय, खालच्या रस्त्यावर चप्पल डांबराला चिकटून राहतेय, आणि मी मन लावून टाइप काय करतेय? 'या मुलाने डावीकडे वळताना गुडघा जरा जास्त वाकवावा.' कोणाला? कॅनडातल्या सहा फूट चार इंचाच्या पोराला! माझा स्वतःचा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो हो!

आता तुम्ही म्हणाल, कीर्ती, तू तिथे कशी? मी टेस्टर आहे. सॉफ्टवेअर टेस्टर. अकरा वर्षं एकच काम… दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या. सापडल्या तर ज्याने केल्या तो रागावतो, नाही सापडल्या तर बाकीचे विचारतात, ही दिवसभर करते काय? आमचा एक क्लायंट आहे, थंडर पास बीव्हर्स. बीव्हर म्हणजे तो दातांनी झाडं पाडणारा प्राणी. व्यावसायिक आइस हॉकीचा संघ, त्यांचं तिकिटांचं सॉफ्टवेअर आमच्याकडे. एका मीटिंगमध्ये त्यांचा माणूस सहज म्हणाला, बोलता बोलता हं, 'आमचे पोरं पारखणारे दोघे रिटायर झाले, वीस पोरांचं मूल्यमापन तुंबलंय.' आणि आमचा मॅनेजर वेंकट! समोरच्याचं वाक्य संपायच्या आत याचं 'वी कॅन डू' बाहेर पडलेलं असतं. उद्या कोणी म्हणालं आमच्याकडे बाळंतपण अडलंय, तरी हा म्हणेल, 'वी कॅन डू, आमच्याकडे टेम्प्लेट आहे!'

मी म्हटलं, वेंकट, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तर म्हणाला, 'ईझी मा! माणूस तो माणूस. आपण दरवर्षी ऑफिसात करतो ना अप्रेझल? सेम सेम!'

सेम सेम! ऐकताय ना?

बरं, ही पोरं निवडायचं ड्राफ्ट म्हणून एक प्रकरण असतं, ते मलाही तेव्हाच कळलं. दर उन्हाळ्यात सगळे संघ ओळीने बसतात आणि अठरा वर्षांची पोरं एकेक करून उचलतात. पहिल्या फेरीत नाव आलं तर आईबाप रडतात, टोपी, फोटो, मिठ्या. सातव्या फेरीत आलं तर… तोवर हॉल झाडायला घेतलेला असतो. आणि उचललं म्हणजे लगेच खेळवतात असंही नाही! पोरगं दोन-दोन वर्षं कुठल्या तरी गावाकडच्या संघात खेळत राहायचं आणि हे लांबून बघत राहायचे… आपल्याकडे साखरपुडा उरकून लग्न लांबवतात ना, तसं. मग एक जूनच्या आत ठरवायचं, करार करायचा की सोडून द्यायचं. म्हणजे पोरांचं अख्खं नशीब टांगलेलं, आणि दोरी कोणाच्या हातात? जिने बर्फ पाहिला तो उसाच्या रसातला!

कामाला आम्ही तिघं. वेंकट मंजुरी देणार, देवेश स्लाइड्स करणार, आणि उरलेलं सगळं मी. देवेश नागपूरचा, गोड पोरगा, 'कीर्तीताई, कीर्तीताई' करत दिवसातून चारदा येणार, 'अपयशाला लाल बरा की नारिंगी?' विचारून जाणार. सामना एक बघेल तर शपथ! आणि मी तीन आठवडे रेकॉर्डिंग बघतेय. पहिला आठवडा तर मला ती चकतीच दिसेना! एवढीशी, काळी, मेदुवड्याएवढी, फक्त भोक नाही, आणि सुटते अशी की कॅमेरावाल्यालाही सापडत नाही. मी आपली बघतेय… सगळे एकमेकांना भिंतीवर आपटतायत, लोक टाळ्या वाजवतायत, एकाचा दात पडला, तो दात उचलून त्याने बाकावरच्या माणसाकडे दिला आणि परत खेळायला गेला! आपल्याकडे डोकं दुखलं की माणूस घरून काम करतो.

मग वेंकटने फर्मान काढलं, कर्व्ह लावायचा. तुमच्यात कोणी आयटीवाला असेल तर त्याने आत्ता कपाळाला हात लावला असेल. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. कर्व्ह म्हणजे आमच्या कंपनीत सगळेच चांगले असायला बंदी आहे. वीस माणसं असतील तर दोघांनाच ए, पाच जणांना बी, अकरा जणांना सी, आणि दोघांना डी. डी द्यायचाच! वीसच्या वीस देवमाणसं निघाली तरी दोघांना डी, आणि डी म्हणजे निघा. मी म्हटलं, अरे, पण ही पोरं खेळतात, त्यांच्यात दोन वाईट नसलेच तर? वेंकट म्हणाला, 'नसले तर करायचे, मा. खालचे दोन रिलीज, असं मी क्लायंटला कमिट केलंय.'

आणि पुढे ऐका. स्वमूल्यांकनाचा फॉर्म! आमच्या ऑफिसातला, तोच, नुसतं वरचं नाव बदलून, याने वीस हॉकीपटूंना मेल केला! 'या वर्षी आपण संस्थेच्या मूल्यांमध्ये कोणती भर घातली? तीन उदाहरणे द्या.' तुम्हाला सांगते, मी दोन दिवस जेवले नाही, म्हटलं आता तिकडून कोणीतरी काठी घेऊन येणार. तर पोरांनी भरून पाठवले हो! 'आपली बलस्थाने?' एकाने लिहिलं, 'मी लोकांना धडकतो.' 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?' 'पेनल्टी बॉक्समध्ये.' म्हणजे दांडगाई केली की खेळाबाहेर बसवतात ती जागा! ब्रेडन म्हणून एक होता, पहिल्या फेरीतला, ड्राफ्टमध्ये तिसरा उचललेला, केस असे मानेवर, गोल केला की अर्धा मिनिट काचेवर चढून नाचणार… त्याने सगळ्या रकान्यांत लिहिलं, 'अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त.' सुधारणेला वाव? 'प्रशिक्षकांना आहे.'

आणि एक याको. याको लाहती, फिनलंडचा, एकोणीस वर्षांचा, सातवी फेरी, दोनशे अकरावा, सध्या ब्रेडनच्याच गावाकडच्या संघात खेळणारा. त्याने अख्ख्या फॉर्ममध्ये तीन ओळी लिहिल्या. 'जिथे माझी गरज असेल तिथे असण्याचा मी प्रयत्न करतो. कधीकधी उशीर होतो. माफ करा.'

…

नाही, हसू नका. मला भरून आलं. एवढंच असतं का हो लिहायचं? अरे बाळा, असं खरं लिहितात का फॉर्ममध्ये!

मग मी त्याचेच सामने काढून बसले. गोल? वर्षभरात एक. तोही चुकून, पाठीला लागून गेला. पण मी टेस्टर ना, मला गोल बघायची सवयच नाही, मी गोल खाल्ला कसा ते बघते. कोण जागेवर नव्हता? कोणामुळे भोक पडलं? तर बहुतेक वेळा भोक पडायचं ते हा बाकावर असताना. हा बर्फावर असला की काही घडतच नाही! समोरचा चकती घेऊन सुसाट येणार आणि बघतो तर हा आधीच तिथे उभा. धावत नाही, पडत नाही, नाचत नाही. आणि जे घडलंच नाही त्याचा व्हिडिओ कोण काढणार? त्याला टाळ्या कोण वाजवणार?

शुक्रवारी मी घरून काम करत होते. मी मैलापूरला राहते, अंबुजाबाईंच्या वरच्या मजल्यावर. त्या तंजावरच्या, मराठी आपलीच पण फार जुनी, आणि मधूनमधून तमिळचा तडका. रसम घेऊन वर आल्या आणि लॅपटॉपकडे बघून जागीच थबकल्या, 'अय्यो! काय गे कीर्ती, भांडणें बघत बसलीस कां?' मी म्हटलं, नाही अंबुजाबाई, काम आहे. बसल्या. दहा मिनिटं बघितलं. 'त्या पोराला दात नाहींत कां गे? लग्न कसें व्हायचें?' मग आणखी दहा मिनिटं. आणि बोट कोणावर ठेवलं असेल? याकोवर! 'हें पोर बघ. बाकीचीं सगळीं चकतीमागें धावतात, हें एकटें मागें राहून सगळ्यांचें आवरतें. पावम गे!' पावम म्हणजे बिच्चारं. पंचाहत्तर वर्षांची बाई, आयुष्यात तंजावर आणि मैलापूर सोडून फार तर कुंभकोणम, त्यांना वीस मिनिटांत कळलं. वर रसम देऊन गेल्या ते वेगळंच.

सोमवारी वेंकटची यादी आली. डी: याको लाहती. मी तरातरा त्याच्या केबिनमध्ये. तर तो शांतपणे फॉर्म दाखवतो, 'त्याने स्वतःच लिहिलंय ना मा, कधीकधी उशीर होतो म्हणून. कर्मचाऱ्याला दोष मान्य आहे. केस क्लोज.' आणि ब्रेडनला ए! का? 'कॉन्फिडन्स बघ मा!'

तुम्हाला सांगते, तिथे माझं डोकं सटकलं. कारण मी पण पहिल्या वर्षी माझ्या फॉर्ममध्ये लिहिलं होतं, 'अजून पुष्कळ शिकायचं आहे.' पंचवीस वर्षांची होते, खरंच वाटत होतं तसं. तेव्हापासून अकरा वर्षं वेंकट दर अप्रेझलला ते वाक्य वाचून दाखवतो. अकरा वर्षं सी! मी म्हटलं, माझं जाऊ दे, पण सात समुद्रापलीकडच्या त्या पोराने खरं बोलल्याची शिक्षा मी माझ्या हाताने टाइप करायची? मी? जिने बर्फ पाहिला तो…

संध्याकाळी साडेसहाला कॉल, त्यांच्याकडे सकाळचे नऊ. स्क्रीनवर गॉर्डन म्हणून त्यांचा म्हातारा, खेळाडूंचं सगळं बघणारा, नाक तीन ठिकाणी मोडलेलं. देवेश स्लाइड्स सरकवतोय, शेवटी अपयशाला नारिंगी ठरला होता. वेंकटने मला आधीच बजावलेलं, 'तू म्युटवर, मा.' चौदावी स्लाइड. 'रिलीज: याको लाहती.' म्हातारा चष्मा पुसत म्हणाला, 'ठीक. एक जून जवळ आलाय, तुमच्या यादीप्रमाणे खालचे दोघे मी आजच सोडतो.'

आणि मी म्युट काढला! कसा काढला मला माहीत नाही, बोटच गेलं. म्हटलं, सर, एक मिनिट. याकोचे एक्केचाळीस सामने मी बघितलेत. तो बर्फावर असताना संघाने गोल खाल्ले सोळा. त्याच सामन्यांत ब्रेडन असताना अठ्ठावन्न. हे प्रत्येक गोलाचं मिनिट, हे सेकंद, हा त्या वेळी ब्रेडन कुठे होता त्याचा तक्ता. बहुतेक वेळा काचेवर होता.

शेजारच्या चौकटीत वेंकटचा चेहरा… नेट गेलं म्हणून थिजलाय की तसाच थिजलाय, कळेना. म्हातारा म्हणाला, 'मग डीमध्ये कोणाला घालू?' मी म्हटलं, ब्रेडन. संघाचा सगळ्यात लाडका! तिसरा उचललेला! आता म्हातारा स्क्रीनमधून बाहेर येतोय असं मला वाटलं, तर तो हसायला लागला, खो खो, डोळ्यांत पाणी. 'वर्षभर मी वरच्या लोकांना हेच सांगतोय! बाई, तुम्ही किती वर्षं हॉकी बघताय?' मी म्हटलं, तीन आठवडे, सर. मग म्हणाला, 'आणि माझ्या पोरांना तो फॉर्म कोणी पाठवला?' त्यावर मात्र सगळेच म्युटवर गेले.

याकोचा करार झाला! दुसऱ्याच दिवशी मेल आला, मी अंबुजाबाईंना वाचून दाखवला, त्यांनी कपालीश्वराला नारळ फोडला. गॉर्डनने वेंकटला वेगळं लिहिलं, 'अप्रतिम विश्लेषण, तुमच्या टीमचं अभिनंदन.' वेंकटने तो मेल सगळ्या मजल्याला पाठवला, वर एक ओळ टाकून: 'शाब्बास देवेश, काय सुंदर प्रेझेंटेशन!'

मग आमचं अप्रेझल. दहा जणांची टीम, एक डी द्यायचाच. वेंकटने मला बोलावलं, खुर्ची दिली, कॉफी मागवली… कॉफी आली तेव्हाच मी समजले. म्हणाला, 'मा, देवेशला कॅनडाला पाठवतोय, त्याला कसा देणार? आपल्या टीममधल्या सुब्बाच्या घरी बाळ येतंय. तू मंजूर झालेल्या स्लाइडच्या विरुद्ध क्लायंटसमोर बोललीस, ते प्रोसेसमध्ये बसत नाही, कागदावर कारण आहे. आणि खरं सांगू? बाकीचे आरडाओरडा करतील. तू समजूतदार आहेस.'

माझ्या तोंडात आलं होतं हो सगळं! अकरा वर्षांचं! आज सोडायचाच नाही म्हणून मी पुढे सरकले… आणि त्याच्या स्क्रीनवर ते ग्रेडचं एक्सेल शीट उघडं. दहा नावं, शेवटच्या ओळीत मी, पुढे डी, आणि खाली बेरीज किती? नऊ! दहा माणसं आणि बेरीज नऊ! फॉर्म्युला शेवटच्या ओळीपर्यंत ओढलाच नव्हता त्याने! हे असंच वर पाठवणार होता! मी डोळे मिटून घेतले, दुसरीकडे बघितलं, कॉफीचा घोट घेतला… नाही झालं सहन. म्हटलं, सरक जरा, वेंकट… आणि एक ओळ खाली ओढून दिला.

आता बरोबर दहा येतात.