चालवत होते

पुरवणी जबाब. नाव व पत्ता रविवारच्या जबाबातलाच. त्यात तेवढेच बिनचूक आहे. वय ६८ वर्षे, व्यवसाय निवृत्त मुद्रितशोधक. पती व मुलासह राहते.

समक्ष हजर राहून सांगते की, रविवारी दुपारी मी व माझे पती त्यांच्या जुन्या सहकाऱ्याकडे जेवायला गेलो होतो. पतींनी जेवणाआधी व्हिस्कीचे तीन पेले घेतले, नंतर चौथा. मी म्हणाले, टॅक्सी बोलवू. ते म्हणाले, "तू मला रस्ता शिकवू नकोस." सव्वातीनच्या सुमारास शाळेच्या वळणावर आमच्या गाडीने सायकलवरच्या पाववाल्याला मागून उडवले. त्याचे दोन्ही पाय मोडले आहेत. तो अजून शुद्धीवर नाही.

पतींनी मुलाला फोन केला. पोलीस येण्यापूर्वी तो त्यांना स्कूटरवरून घरी घेऊन गेला. मी पाववाल्याजवळ थांबले.

हवालदारांनी गाडीचा वेग विचारला. मी म्हणाले, "सावकाश चालवत होते." आमच्या घरात पतींविषयी बोलताना 'ते' म्हणावे लागत नाही, ते गृहीतच असतात. समोर मी एकटीच, म्हणून हवालदारांनी 'मी' गृहीत धरले. मला नळीत फुंकायला लावले. सगळ्यांनाच लावत असतील असे वाटले. जबाब वाचून दाखवला, मला 'ते' ऐकू आले, मी सही केली. 'सावकाश' हा शब्द मात्र खोटा होता व तो माझाच आहे.

घरी मुलाने प्रत वाचली व तो हसला. "आई, कमाल केलीस! काना-मात्रा न बदलता बाबा सुटले." पती गेल्या वर्षी दारू पिऊन गाडी चालवताना सापडले होते. दंड झाला, परवाना सहा महिने गेला. पुन्हा सापडलात तर तुरुंग, असे न्यायाधीशांनी बजावले होते. मुलगा म्हणाला, "तुझं दंडावर भागेल. घरचा कर्ता पुरुष आत गेला तर काय शोभा?" मी त्याला सांगितले, शाळेत सिस्टर फळ्यावर वाक्य लिहून एवढेच विचारायच्या, कर्ता कोण? जो क्रिया करतो तो. खुर्चीत बसून हुकूम सोडतो तो नव्हे.

तेव्हापासून सकाळचा चहा पती करतात. बेचाळीस वर्षांत केला नव्हता. माझा फोन त्यांच्या खिशात असतो. मी भाजीला निघाले की चपला घालतात. काल म्हणाले, "आपलं ठरलंय ना?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी इतकी घाबरले नसते.

आज सकाळी पाववाल्याची बायको दारात आली. म्हणाली, "बाई, तुम्ही ब्रेक का नाही हो मारलात?" पती माझ्या मागे उभे होते. ती गेल्यावर, एक सही राहिली आहे असे पतींना सांगून मी इथे आले. तेही आले आहेत.

तरी माझे म्हणणे पुढीलप्रमाणे, प्रत्येक वाक्यात कर्ता घालून लिहावे. गाडी माझे पती चालवत होते. माझे पती दारू प्यायलेले होते. मी शेजारी बसले होते.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवू नये. दार नीट लागत नाही व पती बाहेरच्या बाकावर बसले आहेत. मी तो मनातल्या मनात दोनदा वाचला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. या ठाण्याला मागचे दार आहे का, एवढे लिहू नये, नुसते सांगावे.