मागून आलेली हाक

बोरीवलीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात शरच्चंद्र आपल्या नंबरची वाट पाहत बसले होते. शेजारी मायलेकी होत्या. आईच्या डोळ्यांत थेंब घातलेले, म्हणून लेक मेल मोठ्याने वाचून दाखवत होती. वाचता वाचता ती उभीच राहिली.

“आई, कॉलेजने माघार घेतली! माझी लेक्चरं माझीच!”

“म्हणजे तुका नोकरी परत गावली?”

“नोकरी मीच सोडली ना गं! पण माझे व्हिडिओ ते ऑनलाइन कोर्सला अजून वापरत होते. म्हणे, नोकरीत असताना केलेस, म्हणून हक्क आमचा.”

“खोटा! नोकरीच्या आधी केलंस तू, आपल्या सैपाकघरात.”

“पण पुरावा नव्हता ना! मग वकीलबाईंनी तिसरं लेक्चर नीट ऐकलं. मी शिकवतेय आणि मागून तू ओरडतेस, ‘अक्षता, कॉलेजातसून फोन इलो! तुका नोकरी लागली गो!’”

“अगो बाये! ता पण रेकॉर्ड झाला?”

“त्यावरच तर जिंकलो, यार!”

शरच्चंद्रांचा नंबर पुकारला गेला. त्यांनी मागच्या माणसाला पुढे पाठवलं.

“मगे माझ्या आवाजाचो हक्क कोणाचो?”

“तुझाच! तुला विचारल्याशिवाय नाही वापरणार.”

“वापर गो. पण खाली पुरा नाव घाल. सुगंधा चंद्रप्रकाश परब.”