कोपऱ्याचं कुंकू

(पुण्याजवळचं मांजरी गाव. रस्त्याकडेच्या मळ्यातलं घर, आतली खोली. सोजरबाईंना शेवटची आंघोळ घालून झाली आहे. आत नवरा भैरू, मुलगी पूर्णिमा आणि जाऊ बायडाबाई; बाहेर अंगणात मंडळी थांबली आहेत.)

बायडाबाई : आटपा आता. सासरचं हिरवं लुगडं नेसवून झालं. वरनं माहेरचं पडलं की उचलायचं. पूर्णिमा, तुझा मामा कुठवर आलाय? यवतहून यायला काय दिवस लागतो व्हय?

भैरू : वैनी, आटपा म्हनू नगा.

बायडाबाई : बरं, न्हाई म्हनत. पन भावजी, बाहेर गाव खोळंबलंय.

भैरू : खोळंबू द्या. सकाळी म्या तिला त्येच म्हनलो. मेथी उपटून झाली व्हती, बांधावर बसून जुड्या बांधत व्हती. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. म्या म्हनलो, "आटप की गं, यार्डात शेवटी पोचलो तर कोन इचारतंय मेथीला?" ती मान खाली घालून तशीच. मला वाटलं, रागावली. जलमभर माझ्यासंगं राबली, आन् शेवटी तिच्या कानावर काय पडलं, तर आटप.

पूर्णिमा : अण्णा, नका ना असं. डॉक्टर म्हणाले, तिला काही कळलंसुद्धा नसेल.

भैरू : मंग आटपबी कळलं नसंल. तेवढं तरी बरं झालं.

बायडाबाई : बोटांचं हिरवं काय निघालं न्हाई बग, पूर्णिमा. साबन लावला, लिंबू घासलं.

पूर्णिमा : राहू द्या काकू. मला कधी मेथीला हात लावू दिला नाही तिनं. म्हणायची, बोटं हिरवी घेऊन शाळेत गेलीस तर पोरी हसतील. राहू द्या ते तसंच. आणि जरा दार लोटून घ्या.

बायडाबाई : का गं?

पूर्णिमा : मामांनी फोन घेतला नाही. त्यांच्या योगेशनं घेतला. मी म्हटलं, आई गेली, मामांना घेऊन लगेच नीघ, माहेरचं लुगडं तुमच्याकडून यायचंय. तो मागे कुणाशी तरी बोलला आणि मग म्हणाला, "ताई, बाबा म्हणतात, त्यांना बहीण नाही."

बायडाबाई : आगं बाई! दर दिवाळीला लुगडं धाडनारा मानूस असं बोलंल?

पूर्णिमा : मीपण तेच म्हटलं त्याला. तर म्हणतो, "कसली लुगडी? आजी गेल्यापासून आमच्याकडून तुमच्याकडे सुतळीचा तोडासुद्धा आलेला नाही." अण्णा, माझ्याकडे बघा. मी वाघोलीला असले तरी भाऊबीजेला इथंच असते. तुम्ही मार्केट यार्डातून यायचात, पिशवी आईच्या हातात द्यायचात. रंगराव भेटला कांद्याच्या गाळ्यावर, घरी यायला लाजतो, हे दिलंय तुला. हेच सांगायचात ना?

भैरू : व्हय.

पूर्णिमा : मामा भेटायचे का खरंच?

भैरू : भेटायचा की. म्या रामराम घालायचो. तो पोती मोजत ऱ्हायचा.

बायडाबाई : मंग लुगडं?

भैरू : टेम्पो म्होरं लावून द्यायचो आन् रविवार पेठेत जायचो. एक म्हातारा दुकानदार हाय थितं. म्या सांगायचो, बहिनीला द्यायचं हाय, बरं बघून दे.

पूर्णिमा : इतकी वर्षं? आणि मलासुद्धा सांगितलं नाहीत?

भैरू : तू तवा हॉस्टेलला व्हतीस. तुझी आजी ह्याच खोलीत गेली. रंगराव तिला बघंना, म्हनून सोजर तिला हितं घेऊन आली. तिचं हागमूत काढलं, घास भरवला. आन् म्हातारी हितंच गेली. लेकीच्या दारात आई मेली म्हनून त्याच्या गावानं त्याला नावं ठेवली. त्यानं तेराव्याला समद्यांदेखत सांगितलं, आजपासनं मला बहीन न्हाई.

बायडाबाई : ते ठावं हाय मला. पन मंग दिवाळीला लुगडं आलं. मी म्हनलं, मिटलं भावाभैनीचं.

भैरू : मिटलं कुठलं? त्या भाऊबीजेला ती ओवाळायचं ताट करून दारात बसली. दिस मावळला तरी उठंना. वाटंकडं बघत जुड्या बांधत व्हती. दुसऱ्या दिशी यार्डात हमालानं क्रेट उचललं, तर मेथी सुटून खाली पडली. वैनी, तुमी तिच्यासंगं काम केलंय. सोजरची जुडी कवा सैल पडली व्हती का?

बायडाबाई : न्हाई. गुडघ्याखाली दाबून असा येढा द्यायची, की घरी नेल्यावर इळीनंच कापावा लागायचा.

भैरू : त्या दिशी समद्या सैल. म्या थितनंच गेलो आन् पयलं लुगडं घेतलं.

पूर्णिमा : आणि ती खूश झाली?

भैरू : जेवली. दोन दिसांनी जेवली.

बायडाबाई : आता काय करायचं पन? माहेरच्या लुगड्याबिगर पाठवली तर बाया बोलत्यात. मुंढव्याला माझा भाऊ हाय, त्याला सांगते. गाडीवर घेऊन येईल.

भैरू : तुमच्या भावाचा आन् तिचा काय संबंध?

पूर्णिमा : काकू, तीच लुगडी आहेत ना ट्रंकेत. एकसुद्धा नेसली नाही ती. मी किती भांडायचे, आई, नेस ना, मामांनी एवढं दिलंय. तर म्हणायची, ठेवलीत जपून.

बायडाबाई : थांब, बगते. पन भावजी, मला कसं कळलं न्हाई? मी तर दर साली बगून जायची. आन् माहेरचं लुगडं का असं कोरं येतं? भावजय पदराच्या कोपऱ्याला कुंकू लावून धाडती. ही बगा. हे डाळिंबी, हाय कुंकू. हे निळं, ह्यालाबी हाय. मोरपंखी, हाय. समद्यांना हाय!

भैरू : कसलं कुंकू?

बायडाबाई : हे काय, कोपऱ्याला. तुमीच लावत असाल की.

भैरू : म्या? मला ठावंच न्हाई लावत्यात म्हनून.

पूर्णिमा : मग दुकानदारानं?

बायडाबाई : तो कशाला लावतोय? त्याला गिऱ्हाइकं पडलीत.

पूर्णिमा : काकू, नीट बघा. हे आईच्या करंड्यातलंच कुंकू आहे. असं काळपट लाल दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. ती जेजुरीहून आणायची.

बायडाबाई : म्हंजी सोजरनंच?

पूर्णिमा : अण्णा, आईला माहीत होतं. पहिल्याच वर्षी कळलं तिला. लुगडं कोरं बघितल्याबरोबर.

बायडाबाई : आन् मला दाखवायची! "जाऊबाई, बगा, वैनीनं कसं कुंकू लावून धाडलंय." मी काय कमी आगाऊ? कोरं दिसलं असतं तर सांजच्याला वेशीपातूर बोंब गेली असती. भावजी, तुमचं झाकायला ती स्वताच्या हातानं लावत बसली.

भैरू : थांबा वैनी. थांबा जरा.

पूर्णिमा : अण्णा, पाणी देऊ?

भैरू : पानी नगं. दर साली दिवाळी झाली की म्हनायची, "यार्डात रंगू दिसला तर सांगा, औंदाचा रंग लई आवडला मला." म्या म्हनायचो, सांगतो की. आन् मनात हसायचो. भोळी हाय बिचारी. पूर्णे, ती मलाच सांगत व्हती गं.

पूर्णिमा : हो, अण्णा.

भैरू : तोंडावर म्हनाली असती एकदा तर?

पूर्णिमा : मग तुम्ही पुढच्या वर्षी आणलं असतं?

भैरू : न्हाई. लाजलो असतो.

बायडाबाई : ह्यातलं कंचं घालायचं तेवढं सांगा, भावजी. मी बाहेर काय बोलायची न्हाई. इचारलं तर म्हनीन, रंगरावानं धाडलं.

भैरू : ह्यातलं नगं. औंदाचं हाय. कालच आनलंय. भाऊबीजेला द्यायचं म्हनून खताच्या पोत्यामागं दडवलंय. जा पूर्णे, घेऊन ये. जांभळं हाय.

बायडाबाई : जांभळं तर तिला...

भैरू : तिला काय?

बायडाबाई : काय न्हाई. लई शोभायचं, म्हनत व्हते.

पूर्णिमा : हे घ्या, अण्णा. अजून दुकानाच्या कागदातच आहे.

बायडाबाई : हे कोरंच की. बाहेरच्या बाया आधी कोपराच बगतील.

पूर्णिमा : मी लावते कुंकू. अण्णा, तुम्ही बसा.

भैरू : नगं. म्या लावतो. करंडा दे तिचा हिकडं. आन् वैनी, आता काय घाई न्हाई. ती कुठल्या कोपऱ्याला लावायची, तेवढं दावा मला.